नाकातोंडात पाणी

३ नोव्हेंबर
मालकीण दोना इवोनने आज डाइव्ह सेंटरच्या ओट्यावर बोलावलं. पाहुण्यांना पाण्याखाली नेणारा गाइड नोकरी सोडून चाललाय. म्हणाली, "झेफेरिनो, यापुढे बोटीवर मला आलटून पालटून खाली जाणारी दोन माणसं हवीत. नुसती बोट हाकणारा नको. विलांकुलोसचा एकजण तयार आहे. त्याला बोलवू, की तुला येतं?"
मी म्हटलं, येतं म्हणजे काय!
तसं बघितलं तर खोटं नाही. आमच्या तोफू गावच्या समुद्रात इतकी वर्षं बोट हाकतोय. पाहुण्यांना मांटा, व्हेल शार्क, मोरे ईल, सगळ्या माशांची माहिती मीच देतो. समुद्र मला ओळखतो. प्रश्न फक्त खालच्या बाजूचा.

४ नोव्हेंबर
बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं की मी गाइड होतोय. माझी बायको लुर्देस तिथेच मटापाची भाजी ढवळत होती. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "अहो नेर्सियाचे बाबा, तुम्ही अंघोळीला डोक्यावरून पाणी घेत नाही. समुद्रात घेणार?"
बायकोला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.
संकल्प: उद्यापासून माडी बंद. रोज सकाळी बादलीत तोंड घालून श्वास रोखणे.

६ नोव्हेंबर
बादली लहान आहे. कान बाहेर राहतात. अशा सरावाला अर्थ नाही. माडी घेतली.

९ नोव्हेंबर
हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात पहिला धडा. पाण्याखाली मास्क काढायचा, परत लावायचा, नाकाने जोरात फुंकून आतलं पाणी बाहेर काढायचं. सोपं आहे. जमलं नाही. मास्क गोऱ्यांच्या नाकाच्या मापाचा होता. इवोनने मोठा दिला. तो फार मोठा होता.
शेजारी एक जर्मन आजीबाई हेच करत होत्या, वर येऊन हसत होत्या. त्यांचं काय, थंड देशातलं नाक.

१३ नोव्हेंबर
आजही नाही. हात वर जातो, मास्कच्या पट्ट्याला लागतो, तिथेच थांबतो. दुसऱ्या कुणाचा तरी हात असल्यासारखा. तलावात मी उभा राहिलो तर पाणी छातीपर्यंत येतं. तरी पट्टा सुटेना.
लुर्देसने विचारलं, कसं चाललंय? म्हटलं, मस्त.
विलांकुलोसवाल्याने राहायला खोली मिळेल का म्हणून फोन केला होता, असं कळलं. आमच्याच गल्लीत बघतोय. बोट गेली तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही. नेर्सियाची इन्यांबान शहरातली शाळा कशी चालणार? हे लिहायला नको होतं. लिहिलं की खरं वाटायला लागतं.

१७ नोव्हेंबर
तलावात लाटा नसतात, म्हणून मी बुजतो. माझा जीव मोकळ्या समुद्रात रमतो. इवोनला हे पटवलं. ती म्हणाली, "बरं. दोराला धरून जरासंच खाली." लुर्देसलाही बोटीवर घेतलं, नवऱ्याचं काम एकदा डोळ्यांनी बघू दे म्हणून.
दोर धरून उतरलो. निळं. मग आणखी निळं. खाली तळच नाही. कान दुखले. मास्कमध्ये पाणी आलं, कुठून ते माहीत नाही. (इवोन म्हणते, मी रडत होतो. पाण्यात कुणाला कसं कळणार?)
वर बोटीत आलो आणि हाताला लागेल ते धरलं. तो लुर्देसचा पाय होता. सोडवेना. पाहुणे बघत होते. ती एवढंच म्हणाली, "असू दे, असू दे. धरा."
परत येताना इवोन तिला म्हणाली, "तू बघतेस का प्रयत्न करून?" चेष्टेत म्हणाली असावी.

१९ नोव्हेंबर
चेष्टेत नव्हती. लुर्देस तलावात उतरली. मास्क काढला, लावला, फुंकला. वर येऊन म्हणाली, "एवढंच?"
घरी येऊन स्वयंपाकाला लागलो. कांदा चिरताना डोळ्यांत गेला.

२४ नोव्हेंबर
लुर्देसने प्रवाळाच्या रीफवर मांटा बघितला. जेवताना सांगत होती: तो न्हाव्याकडे बसावं तसा एका जागी तरंगत राहतो, आणि बारके मासे येऊन त्याचं अंग साफ करतात. पोट पांढरंशुभ्र, त्यावर काळे ठिपके. डोळा थेट आपल्याकडे बघतो.
मी म्हटलं, माहितीये मला.
ती म्हणाली, "कसं?"
भात संपवून उठलो.

२६ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. माझी योजना सफल झालीये. खालची जागा घरातच राहिली, वरची माझ्याकडे; इवोनलाही हे चालतं. विलांकुलोसवाला येत नाही. हे सगळं मीच जुळवून आणलं असं म्हणायला हरकत नाही. लुर्देसला तसं सांगितलं. ती हसली. फार वेळ हसली.

१ डिसेंबर
इवोन, लुर्देस आणि दोन पाहुणे खाली गेले. त्यांच्या दोरीला बांधलेला नारिंगी फुगा पाण्यावर तरंगतो. तो नजरेआड होऊ द्यायचा नाही, वरच्याचं एवढंच काम. पण मला सारखं वाटायला लागलं, ती खाली काय करत असेल? मास्कमध्ये पाणी गेलं असेल तर? ती घाबरत नाही, पण घाबरली तर कुणाचा पाय धरेल? बोटीच्या कडेवरून वाकून पाण्यात बघत राहिलो. निळ्याशिवाय काही नाही.
मान वर केली तर फुगा नव्हता.
इंजिन चालू केलं. इकडे, तिकडे. शिट्ट्या मारल्या. लुर्देस म्हणून ओरडलो. पांढऱ्या लाटा आणि ऊन, बस्स. देवाला वाट्टेल ती वचनं दिली. घसा बसला. शेवटी मदत मागायला किनाऱ्याकडे बोट पळवली.
तर सगळे किनाऱ्यावर! मच्छीमारांनी शिडाच्या होडीतून आणून सोडलं होतं. लुर्देस वाळूत बसून पाव खात होती. मी किनाऱ्याला लागायच्या आधीच बोटीतून उडी टाकली. पाणी डोक्यावरून गेलं असावं, कारण नाकात अजून खारट लागतंय. धावत गेलो, तिच्यापुढे गुडघ्यांवर पडलो.
तिने हातातला पाव खाली ठेवला, माझं तोंड पुसलं. म्हणाली, "अहो, रडताय कशाला? मी आहे ना. बोट कुठे ठेवलीत?"
मागे वळून बघितलं. वारा जमिनीकडून वाहत होता. बोट एकटीच समुद्राकडे निघाली होती.
लुर्देस पोहत जाऊन घेऊन आली.