फोंडाघाट सर करण्याचा माझा कार्यक्रम

१ डिसेंबर २०२४, सकाळी ६.१०
सायकल आली. कोल्हापूरहून. कार्बनची, वजन साडेआठ किलो. चालवणाऱ्याचं वजन इथे लिहिण्याचं कारण नाही.
संकल्प: २६ जानेवारीला फोंडाघाट, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, न थांबता. वय एक्कावन्न. ठाण्याच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी येऊन आठ महिने झाले. एवढ्या काळात या गावात व्यायाम म्हणून काही दिसला असेल तर माडावर चढणं, तेही नारळासाठी. कोणीतरी आदर्श घालून द्यायला हवा.
रसिका म्हणाली, सीट एवढी बारीक कशी, बसणार कुठे? बायकोला एरोडायनॅमिक्स समजावण्यात सकाळ घालवली नाही.

३ डिसेंबर
पहिली राईड. रस्ता उत्तम, रहदारी शून्य. माणसं मात्र अतोनात. प्रत्येक घराच्या गेटात एकजण उभा आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: "खंय चललास?" कुठेही नाही म्हटलं की काळजीत पडतात. शेजारची हौसाबाई, वय सत्तरच्या पुढे, डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चालली होती. म्हणाली, "मोटरसायकल बिघडली काय रे?" ट्रेनिंग ही कल्पनाच या लोकांपर्यंत पोचलेली नाही.
अंतर सात किलोमीटर. थांबे नऊ. ते लोकांमुळे, म्हणून सरासरीतून वगळले.

८ डिसेंबर
सायकलिंगची तंग चड्डी घातली. रसिकाने गेटपर्यंत वरून टॉवेल गुंडाळायला लावला.
वरच्या वाडीच्या चढावर मागून पॉं पॉं. पाववाला दत्ताराम. वय बासष्ट, पायात स्लीपर, कॅरियरवर पावाची भलीमोठी टोपली. ओव्हरटेक करताना म्हणाला, "सावकाश येवा, घाई नाय." त्याची टेक्निक संपूर्ण चुकीची आहे. गुडघे बाहेर, सीट खाली, श्वासाचं नियोजन नाही. त्याला थांबवून सांगणार होतो, पण तोवर तो वळणापलीकडे गेला होता.

१५ डिसेंबर
आज प्रत्यक्ष घाट. दुसऱ्या वळणापर्यंत दमदार. तिथे पाहणीसाठी थांबलो. कठड्यावर बसून पाऊण तास पाहणी केली. माकडांनी केळी नेली. ती मुळात जास्तच आणली होती.
मग ओमकारचा टेम्पो आला. हा आमच्याच गावचा; बाजारासाठी भाजी आणायला सकाळी रिकामा टेम्पो घेऊन कोल्हापूरकडे जातो. म्हणाला, "सायकल घालू काय मागे?" पाहणी वरूनही करायला हवी, म्हणून बसलो. टेम्पोत गाणी अत्यंत हीन दर्जाची.
माथ्यावर उतरलो आणि सायकलने खाली आलो. अद्भुत! बाजारातल्या चहावाल्याकडे चारजण उठून उभे राहिले. "घाट मारून इलात?" मी फक्त हात वर केला. हात वर करणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

१७ डिसेंबर
विचाराअंती: चढणं हे बैलाचं काम. उतारात कौशल्य आहे. ब्रेक, तोल, धाडस. आपल्याकडे उताराला न्याय मिळालेला नाही. पुढचे दोन आठवडे उतारावर भर. ओमकारला तसं सांगितलं. त्याने "बरा" एवढंच म्हटलं. फार विचार करणारा माणूस नाही.

२४ डिसेंबर
चौथ्यांदा वर गेलो आणि उतरलो. पुण्याहून शौनकचा फोन. मोबाइलमधलं सायकलिंगचं ॲप त्यालाही दिसतं, हे माझ्या लक्षात नव्हतं. म्हणाला, "बाबा, तुम्ही घाट छत्तीसच्या स्पीडने चढलात?" मी म्हटलं, वारा पाठीमागून होता. तो म्हणाला, आईला फोन द्या. मुलांना बापाचं कौतुक तोंडावर करता येत नाही.

२ जानेवारी
हायस्कूलच्या मुख्याध्यापिका दीपिका मॅडम घरी आल्या. सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की मुलांना सायकलने घाटमाथ्यावर न्यायचं आहे. म्हणाल्या, "तुम्हाला घाटाचा अनुभव आहे. तुमची मदत हवी." अखेर गावाला जाग आली! मी होकार दिला. नेतृत्वावर पाच मिनिटं बोललो. त्या हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. चहा देताना रसिका माझ्याकडे पाहत नव्हती. अभिमानाने असेल.

१० जानेवारी
आता एकदा नुसता चढून पाहायला हवा. औपचारिकता. ओमकारला आज नको म्हणून सांगितलं.
तिसऱ्या वळणाच्या अलीकडे डोळ्यांपुढे काळं झालं. छातीत काहीतरी वाजत होतं. पाण्याची बाटली असावी. गवतावर आडवा झालो. एसटी गेली, कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "जिवंत आसात मां?" सरकारी नोकरांनी एवढं सलगीने बोलू नये.
घरी काही सांगितलं नाही. जेवलोही नाही नीट.

१९ जानेवारी
गुडघा दुखतो. दुपारी रसिकाला तसं सांगितलं. ती विळीवर बांगडे चिरत होती. वर न बघता म्हणाली, "कुठला?" डावा म्हटलं. संध्याकाळी ती म्हणाली, तुम्ही उजव्या पायाने लंगडताय. वेदना सरकते, हे तिला कुठून ठाऊक असणार?

२३ जानेवारी, दुपारी ४
पत्रक छापून आलं. छपाईत घोडचूक.
'नेतृत्व: कु. दिव्या, इयत्ता नववी.' त्याखाली 'टेम्पो, पाणी व प्रथमोपचार: श्री. ओमकार, श्री. जितेंद्र.'
जितेंद्र म्हणजे मी.
तडक शाळेत गेलो. दीपिका मॅडम शांतपणे म्हणाल्या, "चूक नाही सर. तुम्ही पाच-सहा वेळा टेम्पोने वर गेलाय. कुठल्या वळणावर टेम्पो उभा करता येतो, सावली कुठे आहे, हे तुमच्याएवढं कोणाला माहीत आहे?" चेष्टा करत होत्या का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. चेष्टा नव्हती. तेच फार लागलं.
म्हणजे गावाला माहीत आहे. चहावाल्याला. हौसाबाईला. दत्तारामाला.

संध्याकाळी ७
रसिकाला विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. ओमकारच्या बायकोने बचत गटात सांगितलं. मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "ठाण्याला तुम्ही रोज तोंड पाडून घरी यायचात. पंधरा वर्षं. घाटातून उतरून आलात की अंगणात शीळ घालता. मी कशाला बोलू?"
मी शीळ घालत नाही.

२६ जानेवारी, दुपारी ३
गुडघा बरा झाला. टेम्पोत बसणार नाही असं ओमकारला सांगून मुलांबरोबर सायकलवर निघालो. पहिल्याच वळणावर सगळ्यांच्या मागे. दिव्या मागे फिरून माझ्या बाजूने चालवू लागली. तिची सायकल शाळेतून मिळालेली, बिनगिअरची. माझ्या हँडलकडे बघत म्हणाली, "काका, ह्यो डाव्या हाताकडलो खटको कित्याक?"
तो मी कधीच दाबला नव्हता. शोभेचा भाग समजत होतो. आज दाबला. साखळी खटकन पुढच्या लहान चक्रावर आली आणि पाय हलके झाले. गेले आठ आठवडे मी सगळ्यात जड गिअरवर होतो. दिव्या पुढे गेली.
चौथ्या वळणापर्यंत चढलो. खरंच चढलो. मग मात्र पाय संपले. पाहणी वगैरे काही नाही, संपले. टेम्पो मागेच होता. ओमकारने सायकल आत घातली, पाण्याचा कॅन माझ्या मांडीवर दिला आणि गाणी बंद केली.
निम्मी मुलं सायकली हातात धरून चालत होती. हसत, एकमेकांना ढकलत. याला काय खेळ म्हणायचं? पण सगळी वर पोचली. मी प्रत्येक वळणावर पाणी दिलं. एकाचं ढोपर सोललं होतं, ते धुतलं. सावलीच्या जागा मला खरोखर माहीत होत्या.
माथ्यावर कोल्हापूरची एक गाडी थांबली होती. त्यातला माझ्याच वयाचा माणूस माझं हेल्मेट बघून पुढे आला. म्हणाला, "काय राव, घाट चढून आलाय व्हय?"
मुलं दूर होती. ओमकार टेम्पोखाली काहीतरी बघत होता. ऐकणारं कोणी नव्हतं.
म्हटलं, नाही. चार वळणं. पुढे टेम्पोतून.
तो म्हणाला, "बरं केलं," आणि गाडीत जाऊन बसला.