चोराच्या चपला

१ जानेवारी, संध्याकाळ

वर्षाचा पहिलाच दिवस अन् सगळी गल्ली काठ्या घेऊन कौसाबाईच्या दारात! हसू अजून थांबत न्हाई.

समोरची कौसाबाई घर बंद करून नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेलेली. परवा मागच्या गल्लीत कुणीतरी बंद घर फोडलं, तेव्हापासून माझा जीव खालीवर. म्हणून सकाळी यांच्या चपला गुपचूप तिच्या दारात ठेवल्या. घरात माणूस हाय असं वाटावं, एवढंच. दाराला कुलूप अन् बाहेर चपला, हे कसं जमायचं? तेव्हा सुचलंच न्हाई. कुणाला सांगायचंही राहिलं.

दिवस मावळताना शेजारच्या शमीमभाभी ओरडल्या, “कौसाबाईच्या घरात कुणीतरी शिरलंय! दारात चपला हायत!”

माणसं धावली. कुलूप कुणी बघितलंच न्हाई. सगळ्यात पुढं आमचे हे, अनवाणी. चपलांपाशी थबकले. “चोराच्या चपला लई माझ्यासारख्या हायत की!” सकाळपासून त्याच तर धुंडत होते. मग मला बोलावंच लागलं.

भाभींनी तिथूनच कौसाबाईला फोन लावला. ती खूप हसली. म्हणाली, “राहू द्या तिथंच. आमी इथं फडावर पाचटाच्या कोपीत, पण घरी कुणीतरी हाय म्हणून बरं वाटतंय.”

धावपळीत एक चप्पल उलटी पडली होती. उलटी चप्पल म्हणजे त्या घरात भांडण. यांनी वाकून ती सुलटी केली, दोन्ही नीट जोडून ठेवल्या, अन् अनवाणीच घरी आले.