पाच फूट साडेनऊ

बुकित बातोक, सिंगापूर
२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
विनीताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. कारणं लिहायला बसले तर तीन सापडली, पण तिन्ही माझी मलाच पटली नाहीत, म्हणून लिहीत नाही. गुडघा कसा आहे? जिना जड जात असेल तर खालच्या खोलीत झोपत जा, असं प्रबोधनेही कळवायला सांगितलं आहे.

आता अदितीचं. ओहायोतल्या एका कॉलेजने तिला बास्केटबॉलच्या टीममध्ये घेतो म्हणून शब्द दिला आहे, फी माफ आणि राहणं-खाणं त्यांचं, हे तुला मागे कळवलं होतं. मुलीकडून एक पैसा न घेणारं आपल्या घराण्यातलं हे पहिलंच स्थळ, असं तू लिहिलंस आणि ते आम्ही इथल्या चार मित्रांना वाचून दाखवलं. सह्या एप्रिलअखेर व्हायच्या आहेत. तोवर नुसता शब्द, आणि ज्यांनी तो दिला त्याच निघून गेल्या.

त्या कोच मॅरियन. त्यांचा सीझन मार्चमध्ये संपला आणि त्याच आठवड्यात त्यांना मोठ्या कॉलेजचं बोलावणं आलं. सोमवारी त्यांनी अदितीला फोनवर सांगितलं होतं, की तू आता आमच्या कुटुंबातली आहेस. गुरुवारी त्यांनी कुटुंब बदललं. प्रबोधला यात काही वावगं वाटत नाही. त्याने अकरा वर्षांत तीन कंपन्या बदलल्या आणि तिन्ही ठिकाणच्या निरोपाच्या केकवर 'फॅमिली' हा शब्द होता.

त्यांच्या जागी कोच डेलानी आल्या आहेत. येताना आपल्या जुन्या कॉलेजातल्या चार मुली बरोबर आणत आहेत. तिकडे हे रीतसर चालतं. सीझन संपला की एक यादी उघडते, तिला पोर्टल म्हणतात. ज्या खेळाडूला कॉलेज बदलायचं असेल तिने त्यात नाव घालायचं आणि कोण बोलावतं याची वाट बघायची. प्रबोध ती यादी एमआरटी ट्रेनमध्ये उभ्याउभ्या वाचतो. रविवारी जेवताना त्याने आनंदाने जाहीर केलं, की त्या टीममधल्या दोन उंच मुली सोडून चालल्या, तेव्हा अदितीची जागा पक्की. मंगळवारी तेवढ्याच उंचीच्या दोघी आत आल्या. अदितीने त्याला जेवणाच्या टेबलावर फोन आणायला बंदी केली आहे.

माझी अडचण वेगळीच आहे. नव्या कोचबाईंनी पालकांना एक फॉर्म पाठवला आहे. कशाची ॲलर्जी, कुठलं आजारपण, आणि उंची. खाली सही, की वरील सर्व माहिती खरी आहे. अदितीचे इथले कोच मिस्टर ओंग, तोआ पायोहच्या क्लबमधले, त्यांनी पूर्वी पाठवलेल्या माहितीत तिची उंची पाच फूट अकरा आहे. मी सही करण्याआधी तिला स्वयंपाकघराच्या दाराला उभं केलं आणि मोजलं. पाच फूट साडेनऊ. तिला वाटलं, पंजाबी ड्रेससाठी माप घेते आहे. मिस्टर ओंगना विचारलं, तर ते इथल्या लकबीने म्हणाले की सगळेच असं लिहितात, लाह, मॅडम एवढं मनाला लावून घेऊ नका.

मी बँकेत काय करते ते तुला ठाऊक आहे. एखाद्या ग्राहकाने सणाला मूनकेकचा डबा दिला तरी त्याची नोंद करते, आणि जे करत नाहीत त्यांना मेल पाठवते. मी दीड इंच कसा काय गिळू? फॉर्म दहा तारखेपर्यंत द्यायचा आहे. तू तीस वर्षं मुलींना खेळवलंस, तूच सांग. फोन करावा तर तू स्पीकरवर बोलतेस आणि आमच्या भिंती पातळ. पत्र पोचायला दहा दिवस लागतात, म्हणजे तुझं उत्तर वेळेत येणार नाही, हेही लिहिता लिहिता लक्षात आलं. कदाचित मला सल्ला विचारल्याचं समाधान हवं असेल आणि सल्ला नको असेल. तसं असेल तर तेवढं पोटात घाल.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
विनीता


सांगली
१४ एप्रिल २०२५

चि. विनीतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र बारा तारखेला हातात पडलं, म्हणजे सल्ला देण्याची जबाबदारी टळली. आता मोकळेपणाने लिहिते. गुडघा गुडघ्यासारखा आहे. जिना मी दिवसातून दोनदाच चढते आणि दोन्ही वेळा प्रबोधची आठवण काढते.

तू साडेनऊच लिहिलं असणार. पत्र निम्मं वाचून झालं तेव्हाच मला कळलं. आता ऐक. तीस वर्षं मी शाळेची टीम घेऊन जिल्हाभर हिंडले. समोरच्या टीमचा कागद आला की पहिलं काम म्हणजे प्रत्येकीच्या उंचीतून दीड इंच कापायचा. सगळे वाढवून लिहितात, सगळे कापून वाचतात, आणि शेवटी हिशेब बरोबर जुळतो. मंडईत नाही का, ती चाळीस सांगते आणि आपण तीस म्हणतो, तसं. यात कुणीच खोटं ठरत नाही. खोटा पडतो तो फक्त खरं लिहिणारा. अमेरिकेतले कोच साधुसंत असतील तर प्रश्न नाही. पण चार दिवसांत कुटुंब बदलणारी माणसं कागदावर एकदम विश्वास ठेवत असतील, असं मला वाटत नाही.

आणि उंचीशी तुझं वैर जुनं आहे. मिरजेचे पाहुणे आठवतात का? तू दहा वर्षांची होतीस. आबांनी माझ्या माहितीच्या कागदावर पाच-नऊचं पाच-सहा केलं होतं, कारण मुलगा पाच-सात होता. आज तुमच्याकडे इंच चढवतात, आमच्या वेळी उतरवायचे, एवढाच फरक. मला ताकीद होती की बसून राहायचं, पोहे आई देईल. पाऊण तास मी छान बसले. मग मुलाच्या आईने सहज उंची विचारली, आबांनी सहज सांगितली, आणि तू म्हणालीस की आबा चुकलात. त्या बाईंना हाताला धरून दाराकडे घेऊन गेलीस आणि माझ्या पेन्सिलीच्या खुणा दाखवल्यास, तारखांसकट. पाहुण्यांनी चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला मॅच होती आणि ती आम्ही जिंकलो, हे तुला शंभरदा सांगून झालं आहे. जे सांगितलं नाही ते असं, की मला स्वतःलाच उभं राहायचं होतं. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. मंडळी निघाली की नमस्काराला उठायचं, सावकाश, आणि पूर्ण. तू आधीच सगळं दाखवून मोकळी झालीस. तुझ्यावर रागावले नाही, आजही नाही. पण उंची माझी होती, विनी.

तेव्हा अदितीला सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तू सांग. आणखी एक विचारते, उत्तर मला नको. आकडा खरा होता म्हणून लिहिलास, की मुलगी घरी राहावी म्हणून? दोन्ही असलं तरी बिघडत नाही, फक्त कुठलं किती ते आपल्याला माहीत असावं.

प्रबोधला आशीर्वाद, अदितीला पापा. पत्र लिहीत जावं, दिवाळीची वाट न बघता.
तुझी,
ताई


बुकित बातोक
१९ एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून नाही, तरी लिहिते, कारण घरात हे कुणाला सांगता येत नाही.

काल अदितीला मेल आली. नव्या कोचबाईंना फॉरवर्डच्या जागी निदान पाच-दहाची मुलगी हवी आहे, 'आमच्याकडे अदिती पाच फूट आठ आहे', तेव्हा क्षमस्व आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा. ताई, मी साडेनऊ लिहिलं होतं. फॉर्मची प्रत चार वेळा काढून पाहिली. माझं अक्षर नाही, टाइप केलेलं आहे. दीड इंच वाटेत कुठे गेला?

अदितीने मला विचारलं, की यांनी पाच-आठ कुठून काढलं? मी म्हणाले, मला माहीत नाही. शब्दशः हे खरं होतं. बँकेत असं उत्तर मला कुणी दिलं असतं तर मी त्याची फाइल उघडली असती.

ती खाली ब्लॉकजवळच्या कोर्टवर गेली आणि दोन तास एकटीच बॉल टाकत राहिली. प्रबोध यादी बघत नाही. जेवायला फिश करी होती, पण कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

तुझा हात पाठीवर असू दे.
विनीता


बुकित बातोक
२८ एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. दीड इंच कुठे गेला ते कळलं. मी घरी कापला, त्यांनी तिकडे पुन्हा कापला. मिस्टर ओंगचं पाच-अकरा तसंच राहिलं असतं, तर कापूनही साडेनऊ उरली असती, म्हणजे त्यांच्या कागदावर माझ्या खऱ्यापेक्षा त्यांचं खोटं जास्त खरं ठरलं असतं. हे वाक्य मी तीनदा तपासलं. बरोबर आहे.

उत्तर नको म्हणालीस, पण देते. माझ्या डायरीत नऊ एप्रिलला एवढंच आहे: 'फॉर्म पाठवला. बरं वाटलं.' खरं लिहून मला आजवर कधी बरं वाटलेलं नाही. बहुतेक वेळा रात्री उठून प्रत पुन्हा तपासते. त्या दिवशी उठले नाही. त्यावरून काय ते समज.

शनिवारी अदितीला सांगितलं. सगळं, मिरजेच्या पाहुण्यांसकट. ती टेबलाशी बसून संत्रं सोलत होती. पूर्ण सोललं, शिरा काढल्या, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, की मोजताना पायात शूज होते का. मी म्हणाले, घरात शूज कसे असतील? तेव्हा तिने वर बघितलं.

"मम्मी, शूज काढून कोण खेळतं, लाह?"

ताई, माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. शपथेवर सांगते. अकरा वर्षांत या घराचा उंबरठा एकाही बुटाने ओलांडलेला नाही, नळ दुरुस्त करणाऱ्यालाही आम्ही बाहेर काढायला लावतो. खरी उंची म्हणजे अनवाणी, हे मी न विचारताच धरून चालले. तिच्या बुटांचा तळ सव्वा इंचाचा आहे, ते तिला पाठ आहे. म्हणजे कोर्टवर ती पाच फूट पावणेअकरा. मिस्टर ओंगनी अवघा पाव इंच वाढवला होता, आणि मी त्या भल्या माणसाला मनातल्या मनात महिनाभर चौकशीवर ठेवलं होतं.

ती मला रागावली का, हे तुला विचारायचं असेल. रागावली. अर्धं संत्रं मला न देता खाल्लं. मग म्हणाली, की मावशीला तेव्हा जे स्वतः करायचं होतं ते मी करते, आणि खोलीत जाऊन कोच डेलानींना स्वतः मेल लिहिली. मला दाखवली नाही आणि मी मागितली नाही. लॅपटॉप उघडाच होता, तरी बघितलं नाही, हे तुला कळवावंसं वाटलं.

काल उत्तर आलं. त्यांनी आणलेल्या चार मुलींपैकी एकीने विचार बदलला, ती पुन्हा यादीत गेली. म्हणजे एक जागा आहे, बुधवारपर्यंत. त्यांच्याकडे उंची बुटांसकट मोजतात, कारण खेळतात तशी. कागदावर आता त्यांचा विश्वास नाही. उद्या सकाळी सातला व्हिडिओ कॉल आहे, अदितीने कॅमेऱ्यासमोर दाराला पाठ लावून उभं राहायचं. पाच-दहा भरली तर पुढचं बोलतील. बघण्याच्या कार्यक्रमाची मला इतकी धास्ती माझ्या स्वतःच्या वेळीही नव्हती. तुला हे पत्र मिळेल तेव्हा निकाल लागून आठ-दहा दिवस झालेले असतील, आणि तुझा सल्ला नेहमीप्रमाणे योग्य आणि उशिरा येईल.

जमीन खराब नको म्हणून मी दाराशी वर्तमानपत्र पसरते म्हणाले. अदिती म्हणाली, नको, त्याची जाडी धरली जाईल, मग तू त्यांना परत मेल लिहिशील. आणि हसली. तिला हसताना बघून वाटलं, ही जाणार. मग वाटलं, जाऊ दे.

मोजपट्टी तिची ती धरणार आहे. मी स्वयंपाकघरात थांबणार आहे, दिसणार नाही अशी.

प्रबोधचा नमस्कार. माझ्या हातून झालं ते विसरू नकोस, पण माया तेवढीच ठेव.
तुझी,
विनीता

उद्याचं काम: पावणेसातच्या आत अदितीचे बूट ओल्या फडक्याने पुसून घरात आणणे.