लेकीचा हेवा

प्रिय सुवार्ता,

तुझा परवाच्या रविवारचा चर्चमधला संदेश चांगला झाला. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, तेव्हा नीट वाचून घे. पुन्हा मिळेलच असं नाही. तू नागपूरच्या गाडीसाठी निघालीस तेव्हा दारात उगाचच रेंगाळलीस. बाबा पाटीवर काहीतरी लिहितील, अशी तुझी अपेक्षा असणार. मी लिहिलं, ‘डबा घेतलास का?’ गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाटीवर बोलतो आहे, आणि पाटीवर लबाडी फार सोपी असते. दोन-तीन शब्द लिहिले की सुटका. पत्रात तसं जमत नाही, म्हणून पत्र.

मला तुझा हेवा वाटतो. कौतुकाच्या पोटातला गोड हेवा नव्हे, चांगला जळजळणारा. पवित्र शास्त्रात मत्सराच्या गोष्टी पुष्कळ आहेत, मी त्यांवर आयुष्यभर बोललो, पण त्या सगळ्या भावाभावांच्या, राजांच्या, सवतींच्या. बापाने लेकीचा हेवा केल्याची एकही मला सापडली नाही. सापडली असती तर निदान सोबत झाली असती.

तुला माहीत आहे, या राजूरच्या चर्चचा पाळक म्हणून माझ्याजवळ दाखवण्यासारखं एकच होतं, आवाज. कोळशाची धूळ वेदीच्या पांढऱ्या कापडावर रोज बसते, दुपारी खाणीत सुरुंग लागला की खिडक्या थरथरतात, पण मी बोलायला लागलो की माइक नसतानाही पार खाणकामगारांच्या क्वार्टरपर्यंत ऐकू जायचं. डॉक्टरांनी दोन महिने संदेश द्यायला पुलपिटावर चढायचं नाही म्हणून सांगितलं आणि तू लगेच म्हणालीस, मी शिकवते त्या शाळेला शनिवारी अर्धा दिवस असतो, तुमच्याऐवजी मी येत जाईन. मी मान हलवली. मनात मात्र हिशेब वेगळा होता. पोरगी धर्मशास्त्र शिकलेली आहे, पण तिचा आवाज तो केवढा. दोन रविवारांत मंडळीला माझी आठवण येईल. त्या पहिल्या रविवारी मी पुढच्या बाकावर बसलो तो लोकांची हळहळ गोळा करायलाच.

हळहळ कुठली! तू मोबाइलच्या नादाविषयी बोललीस. मीही वर्षानुवर्षं त्याच विषयावर बोललो आहे, मोबाइलला सैतानाचा आरसा म्हणालो, आणि मागच्या बाकांवरची पोरं माना खाली घालून त्याच आरशात बघत बसली. तू उलटं केलंस. रात्री प्रार्थनेला बसण्याआधी आपलाच अंगठा पडद्यावर कसा फिरत राहतो ते सांगितलंस आणि हसलीस. पाळकाने पुलपिटावरून स्वतःची फजिती सांगायची असते, हे मला कुणी शिकवलं नाही. मग म्हणालीस, ज्याच्याशी बोलणं टाकलंय अशा एकाला आत्ता इथूनच निरोप पाठवा. सगळी मंडळी उपासनेत बोटं चालवत बसली. माझ्या डोक्यात नुसता संताप. बुधवारी मंडळीतल्या इंदुताईंची पुसदची बहीण एसटीने पापडाचा डबा घेऊन हजर. बापाच्या मातीनंतर दोघी एकमेकींचं नाव घेत नव्हत्या. इंदुताई त्या बहिणीला घेऊन माझ्याकडे आल्या आणि मला म्हणतात कशा, “पाळकसायब, क्षमा कराव म्हनून तुमीबी लय सांगत होते, पन कोनाले, कवा, ते तुमी कदी सांगतलंच नाई.” मी पाटी पुसत बसलो.

गंमत म्हणजे माणूस बोलत नाही म्हटलं की लोकांना वाटतं त्याला ऐकूही येत नाही. कुणी माझ्याशी मोठ्याने ओरडून बोलतं, कुणी माझ्यासमोरच माझ्याविषयी. तुझी आई त्यांतलीच. तू लहानपणी देवाला कशी हट्टाने प्रश्न विचारायचीस ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि शेवटी म्हणते, “बापावर नाई गेली, बरं झालं.” मी तोंड पाडून बसलो की म्हणते, “काहून जळून राह्यले? पोरगीच हाय ना आपली, शेजाऱ्याची हाय का?” तिला कसं सांगू, शेजाऱ्याची असती तर सोपं गेलं असतं. शेजाऱ्याच्या पोरीच्या संदेशात चुका काढता आल्या असत्या. तुझ्या काढायला गेलो की त्या माझ्याकडूनच आलेल्या निघतात, आणि चांगलं जे आहे ते माझ्याकडून आलेलं नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खेमसिंग गिळता आला नाही. आपल्या मंडळीतल्या लालीबाईचा नवरा, खाणीवरचा चौकीदार. दर रविवारी तिला मोटरसायकलवर आणून सोडतो आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली बिडी ओढत बसतो. त्याचा देव त्याच्या तांड्यावर आहे, तो बदलावा असं मी कधी म्हटलं नाही. पण बायको आत गाते आणि नवरा बाहेर बसतो, हे मला बघवत नसे. दर रविवारी दारात जाऊन त्याला बोलवायचो, या, आत पंखा आहे. तो हात जोडायचा आणि जागचा हलायचा नाही. शेवटी मी त्याला मनातून सोडून दिला. आणि परवा लाइट गेली, पंखे थांबले, आतल्या म्हाताऱ्या घामाने बेजार झाल्या, तेव्हा तू गीत अर्ध्यावर थांबवून म्हणालीस, बाकं बाहेर काढा. मी पाटीवर ‘नको’ लिहीपर्यंत निम्मी बाकं कडुनिंबाखाली गेली होती. तू बोलायला उभी राहिलीस आणि मी पाहिलं, खेमसिंग लालीबाईशेजारी बाकावर बसला होता. बिडी विझवून, हात मांडीवर ठेवून. लालीबाई पदराआड रडत होती. त्यानंतर तू काय बोललीस ते मला एक अक्षर आठवत नाही. वर चांगला झाला म्हणून लिहिलं आहे ते लोकांच्या तोंडावरून.

त्याच संध्याकाळी, तू गेल्यावर, चर्च कमिटीचे विठ्ठलराव आणखी दोघांना घेऊन आले. म्हणाले, ईस्टरचा संदेश सुवार्ताबाईंनीच द्यावा अशी मंडळीची इच्छा आहे, आणि तुम्ही निवृत्त झालात की या मंडळीच्या पाळक म्हणून बिशपसाहेबांकडे त्यांचंच नाव पाठवायचं आहे. मी पाटी घेतली. खडू हातात धरून बसलो. काहीच लिहिलं नाही. जरा वेळाने विठ्ठलराव उठले आणि दुसऱ्यांना म्हणाले, “सायब काई बोलून नाई राह्यले, म्हंजे मंजूर समजा.” आयुष्यभर ज्या माणसाने कमिटीत प्रत्येक गोष्टीला ‘पण’ लावला, त्याच्या गप्प बसण्याचा हा अर्थ! आणि तू त्यांना फोनवर काय सांगितलंस तेही त्यांच्याच बोलण्यातून मला कळलं. बाबांचा आवाज आला की मी मोकळी, ईस्टरचं पुलपीट बाबांचंच. ते ऐकून मला किती बरं वाटलं हे लिहायचीही आता लाज वाटत नाही. त्या रात्री मी छान झोपलो.

काल यवतमाळला तपासणीला गेलो होतो. येताना वणीच्या स्टँडवर खेमसिंग भेटला. म्हणाला, बसा मागं, घरी सोडतो. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी त्याला विचारलं, मी इतकी वर्षं बोलावलं तेव्हा आला नाहीस, आणि परवा कसा रे बसलास? हो, विचारलं. तोंडाने. त्याने हातातला कप खाली ठेवला. “अरे, सायब बोलून राह्यले!” मग चहाकडे बघत म्हणाला, “तुमी मले बोलावत होते सायब, पन आत माह्यासाठी काम काय होतं? तुमच्या पोरीनं मले बोलावलंच नाई. ते म्हने, काका, बाक जड हाय, जरा तिकून धरा. म्या धरलं. येकदा बाक आनून ठेवल्यावर मंग उभं काहून राहाव?” इतकंच. मी त्याला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत आणि माझ्या आवाजाचं कुणाला सांगायचं नाही असं वचन घेतलं. घरी आल्यावर तुझ्या आईलाही सांगितलं नाही, पुन्हा पाटी हातात घेतली.

तर हे असं आहे. गळा बरा झाला, डॉक्टरांनी पुलपिटाची परवानगी दिली. आवाज पहिल्यासारखा नाही, थोडा घोगरा आहे, पण क्वार्टरपर्यंत जाईल. हे मंडळीला कळलं तर तू शब्दाला जागशील आणि बाजूला होशील, मी तुला ओळखतो. म्हणून त्यांच्याआधी तुला कळवतो आहे. विठ्ठलरावांनी माझं गप्प बसणं मंजुरी धरलं, ते मला मान्य नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काय किंमत? आज मला नाही म्हणता येतं. म्हणावंसंही वाटतं, खोटं कशाला बोलू. ईस्टरच्या पहाटे भरलेल्या मंडळीसमोर उभं राहण्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. तरी हो म्हणतो आहे, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्या झालेल्या गळ्याने. ईस्टरचा संदेश तू दे, आणि बिशपसाहेबांना पत्र जाईल त्यावर पहिली सही माझी असेल. मी पुढच्या बाकावर बसेन. मला हेवा वाटेल, तो दोन दिवसांत जाणारा नाही, तू तिकडे लक्ष देऊ नकोस. तुझं बोलून झालं की मंडळीला माझा आवाज ऐकू येईल, एका शब्दापुरता, आणि तो मी असा म्हणेन की पार क्वार्टरमधल्या लोकांनाही कळेल, पाळकांचा गळा बरा झाला आणि ते लेकीच्या संदेशाला आमेन म्हणत आहेत.

तुझाच, जळका पण तुझाच,
बाबा