कमी लाकडांची चूल

माय, लिहायला फार उशीर झाला, त्याचा राग धरू नको. तुला वाघानं नेलं त्याला इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्यापेक्षा कितीतरी म्हातारा आहे. तू गेलीस आणि चौथीतच माझी शाळा सुटली, म्हणून अक्षर वाकडं येतं. सांगण्यासारखं काही घडतही नव्हतं. आता मी पुन्हा शिकतो आहे, तेवढं सांगायचं होतं. ही शाळा मोबाईलमध्ये भरते.

तुझी नात बल्लारपूरला दिली आहे, तिनं ती लावून दिली. वीज कशी वाचवावी, उन्हापासून, वाऱ्यापासून, शेणापासून ऊर्जा कशी घ्यावी, हे कोणालाही घरबसल्या शिकवतात, आणि फुकट शिकवतात. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, फुकट म्हणजे नंतर कोणी मागायला येणार नाही ना? ती हसली. "बाबा, कोनी येत नाई. तुमी रिकामे बसता अन् डोक्यात नाई नाई ते आणता. त्यापेक्षा शिका." रिकामा बसतो हे खरं आहे. तुझी सून सकाळी बायांबरोबर लाकडाला जंगलात जाते, आणि ती परत येईपर्यंत मला काही सुचत नाही. वाट तीच आहे, तू ज्या वाटेनं गेलीस ती.

मोबाईलमधल्या बाई शांत बोलतात. धडा संपला की प्रश्न येतात. चुकीच्या उत्तरावर बोट ठेवलं की ते लाल होतं. सुरुवातीला लाल झालं की मी फोन उपडा ठेवून द्यायचो, वाटायचं की आता नाव काढून टाकतील. कोणी काढलं नाही. दिव्यांचा धडा झाला, पंख्यांचा झाला, छतावरच्या सौर पाट्यांचा झाला, मग चुलीचा आला. ओल्या लाकडाची बरीच आग स्वतःला वाळवण्यातच जाते, असं बाई म्हणाल्या. आणि मला दिसलं, तू चुलीपुढे बसली आहेस, मी पळसाची ओली फांदी आत सारतो, घर धुरानं भरतं, तू फुंकणी माझ्या पाठीत घालतेस. "माहे डोळे फोडून राह्यला का रे, मुडद्या?" मग पदरानं डोळे पुसत हसतेस. तुझा चेहरा मला नीट आठवत नाही. पदर आठवतो.

बाईंनी दाखवली तशी मी चूल घातली. माती, शेण, धानाचा कोंडा. खाली लोखंडी सळयांची जाळी, म्हणजे लाकडाला खालून हवा मिळते. वर भांडं बसेल एवढंच तोंड. घरात गॅसची टाकी आहे, पण ती सारखी भरून आणणं परवडत नाही, तिच्यावर फक्त चहा होतो. तुझी सून कमरेवर हात ठेवून पाहत होती. "लोकं म्हनतीन, बाईनं बुढ्याले चुलीले लावलं." पण पहिल्याच दिवशी भात शिजला, धूर झाला नाही आणि लाकडं निम्मीही लागली नाहीत. "मास्तरीण हुशार आहे तुमची," ती म्हणाली. मला बरं वाटलं. मी म्हटलं, "मंग आता रोज कायले जंगलात जाऊन राह्यली? आठवड्यातून एकदा पुरते."

ती दोर गुंडाळत होती. "लाकडं पुरतात, मले दिसते."

"मंग काऊन?"

"बाया जातात ना. आपली चूल सुधारली, त्यायची नाई. मी घरी बसली तं एक कमी होते. कमी बाया दिसल्या का वाघ जवळ येते. तो का कोनाची चूल पाहून येते?"

माय, त्या सकाळी आपल्या अंगणात लाकडांचा ढीग होता. शेजारची काकू कुंपणापाशी येऊन म्हणाली, "चाल ना वं, आज तिघीच जनी हाये," आणि तू उठून गेलीस. घरात लाकूड असताना तू का गेलीस, हे मी बापाला विचारलं होतं. तो उठून गोठ्यात गेला. मग मी कोणालाच विचारलं नाही. तुझ्या सुनेनं ते दोर गुंडाळता गुंडाळता सांगून टाकलं. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मी कोंडा चाळायला बसलो.

तेव्हापासून मी त्या सगळ्या बायांच्या घरी चुली घालतो आहे. सगळ्यांची लाकडं पुरली तर सगळ्याच घरी बसतील, एवढंच माझ्या डोक्यात आहे. एक जण म्हणाली, "भाऊजी, चूल गुणाची हाये, पन तुमी आले का चहा ठेवा लागते, वाचलेलं लाकूड त्यातच जाते." सगळ्या हसल्या, मीही हसलो. पण चूल वाळायला वेळ लागतो, घाई केली की तडकते. लवकर कशी वाळवावी, असं मी मोबाईलवर विचारलं. उत्तर आलं, सावलीत हळूहळू वाळू द्या. ती वाळेपर्यंत त्या जातातच.

आजही गेल्या आहेत. एरवी या वेळेला भात उतरलेला असतो. ऊन डोक्यावर आलं आणि एकीचाही आवाज नाही. गल्लीत माणसं जमली आहेत, कोणीतरी वनरक्षकाला फोन लावतो आहे, रेंज नाही. काही जण काठ्या घेऊन निघाले. मलाही हाक मारली. येतो म्हणालो आणि आत येऊन हे लिहायला बसलो.

हे पाठवायचं कुठे, ते मला माहीत नाही. पाठवणार नाही. पण तू तुझ्या सुनेला कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगून ठेवतो. हिरवं लुगडं आहे, डाव्या मनगटावर गोंदण आहे, बोलते जरा मोठ्यानं. अशी कोणी तिकडे आलेली नाही, एवढंच कळव. लवकर कळव.