दुखणे कोणाचे

आरमोरी, ९ जाने. १९५५

आज चारोळी निवडताना आलापल्लीचा बंगला आठवला. लग्नाचे दुसरे वर्ष, यांची रेंजर म्हणून पहिलीच नेमणूक. व्हरांड्यात बसून दोघे चाराच्या बिया फोडत होतो. यांच्या अंगठ्यावर दगड बसला आणि ‘आई गं’ मी ओरडले. यांनी अंगठा पाहिला, माझ्याकडे पाहिले. मग हसत सुटले. “अंगठा माया, अन् बोंबलते तू.”

तेव्हापासून यांचे दुखणे मीच बोलते. वैद्य असो, डॉक्टर असो, हे शेजारी बसतात, मी सांगते. अडतीस वर्षे.

सध्या उजव्या बरगडीखाली. दसऱ्यापासून. आज दु. (दुखणे) थोडे.

१३ जाने.

यांचे तिखट-तळण बंद करून दोन महिने झाले. मुगाचे वरण, मऊ भात. कामाच्या सखूबाईने आज लाखोळीच्या डाळीचे वडे केले. यांना देता येईनात, टाकवेनात. मीच खाल्ले, सहा.

सखूबाई : “साहेब वड्याइकडे पाहून राह्यले, बाई. एक तरी द्या ना त्याहिले.”

नाही दिला. तरी संध्याकाळी यांना दु. फार.

१९ जाने.

हे कालपासून धानोऱ्याला, धाकट्या भावाकडे. तिथली मंडईची जत्रा आहे, रात्री दंडारीचा खेळ बघून परवा येतील. जाताना चारदा बजावले, तळलेले खाऊ नका.

दुपारी दु. फार. भिंतीला टेकून बसावे लागले. नक्की भजी खाल्ली यांनी.

२१ जाने.

आले. काय जेवलात विचारले. “वरण-भात. तू सांगतलं होतं ना. भाऊ हासत होता मले.”

हे खोटे बोलत नाहीत. मग दुखले कशाने? पथ्य करूनही वाढते आहे. आईचेही असेच पोटात होते. त्या रोगाचे नाव घरात कोणी घेत नसे, सहा महिन्यांत गेली. यांना तेच निघाले तर मी

उद्या चांद्याला जायचे. मूल गावावरून सर्व्हिस मोटर आहे.

चांदा, २४ जाने.

मिशनचा दवाखाना. डॉक्टर म्हणजे मलबारकडच्या एक सिस्टर, मराठी मोडके पण नजर तीक्ष्ण. मी ही वही उघडून तारखांसकट सगळे सांगितले. एकोणिसाव्या तारखेला त्यांनी थांबवले.

“त्या दिवशी हे कुठे होते?”

“धानोऱ्याला.”

“तुम्ही?”

“आरमोरीला.”

“मग तुम्हाला कसे समजले?”

मी वहीतली ती ओळ पुन्हा वाचली.

यांना झोपवून पोट दाबले. दुखते का? हे माझ्याकडे बघू लागले. सिस्टर म्हणाल्या, “त्यांना काय विचारता? पोट तुमचे आहे.”

“नाई दुखत.”

“आधी कधी दुखले?”

हे ओशाळले. “ही म्हणे दुखते. मले वाटलं, दुखत असन.”

मग मला झोपवले. बरगडीखाली बोटे टेकली मात्र, मी किंचाळले. हे ताडकन उठले. “बस करा, बाई.” हात स्वतःच्या बरगडीवर.

२५ जाने.

नागपूरला माझ्या पोटाचा एक्स-रे फोटो काढायला सांगितले आहे.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत एक मुलगी मैत्रिणीच्या वतीने कन्फेशन, म्हणजे पापाची कबुली, देऊन आली होती. मदरनी तिला परत पाठवले, आपापले घेऊन या. आम्ही हिंदू मुली आठवडाभर हसत होतो.

घाबरायला हवे. पण काल रात्री गाढ झोपले. यांना काही नाही. तीन महिने जी भीती उशाशी होती ती गेली, आणि जी आली ती माझीच आहे. तिचे तेवढे वाटत नाही.

हे समोरच्या हॉटेलातून मिरचीची भजी खाऊन आले. नाक लाल, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. बाजारात म्हणाले, काय घेऊ? मी म्हटले, पेरू. “पेरू मले आवडते. तुले काय पाहिजे?” उभी राहून आठवावे लागले. बोरे. शेवटी बोरे घेतली.

नागपूर, ४ फेब्रु.

लेकीकडे, कुमुदकडे. फोटो आला. पित्ताचे खडे. आईचे ते नाही. डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतले. हे जिन्यात बसून रडले, माझ्याही वाटचे. मला रडू आलेच नाही, भूक लागली.

खडे कापून काढावे लागतील. अंगात रक्त कमी, वय अठ्ठावन्न. भीती नाही असे म्हणणार नाही, डॉक्टर म्हणाले.

८ फेब्रु., इस्पितळ

उद्या सकाळी ऑपरेशन.

नर्स त्रास लिहून घ्यायला आली. मी बोलायच्या आत यांनी सुरुवात केली. कधी, कुठे, किती वेळ. “वाढतानी डाव्या हातानं भिंत धरते. मी पाहत होतो. म्हटलं, मायीच काळजी लागली असन हिले.” भिंत धरते हे मला ठाऊक नव्हते. बरोबर होते सगळे.

कुमुद, हे तुझ्यासाठी. लागले तर.

पाटल्या तुला. जांभळी इरकल सखूबाईला, नवीच आहे, जुनेर म्हणून देऊ नकोस. शिवणाचा डबा तुझ्या धाकटीला, कात्री ती मोठी झाल्यावर. इंग्रजी पुस्तके चांद्याच्या सिस्टरना.

चष्मा आम्हा दोघांत एकच आहे. तो यांना. पण नंबर तपासून घे, तो माझा आहे की यांचा, आता सांगता येत नाही.

यांना ‘दुखते का’ असे कधी विचारू नये. विचारले की दुखते. दाबून पाहावे.

ही वही यांना. पुढची पाने कोरी आहेत. उद्या बाहेर बाकावर बसून लिहावेसे वाटले तर स्वतःचे लिहावे. माझे लिहू नये, ते मी बघते.