समुद्राने परत केलेली डबी

चि. सौ. मालिनीस,

ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा आणि सुधीररावांची साखर स्वामीकृपेने आटोक्यात असतील. इथे इंगोलश्टाटला मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. (फोनवर बोललं की पलीकडच्या खोलीत ऐकू जातं, म्हणून कागदाचा फोटो पाठवते आहे.)

ह्यांना जर्मनी बघायची किती हौस होती, तुला ठाऊक आहे. पासपोर्टची मुदत संपली, तरी शिरीषचं आपलं एकच, "बाबा, पुढच्या उन्हाळ्यात." म्हणून ह्यांच्या अस्थींतली चिमूटभर राख नाशिकला न सोडता त्यांच्या स्टीलच्या डबीतून मीच इथे घेऊन आले. कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही, रागावू नकोस.

बापाच्या दहाव्याला ज्याला रजा मिळाली नाही, त्याला समुद्रात बुड्या मारायला आठवडाभर मिळाली. बाल्टिक समुद्रातलं एक चिमुकलं बेट, मलाही बरोबर नेलं. ऑगस्टातही माझ्या अंगात दोन स्वेटर, आणि ही माणसं रबरी कपड्यांत स्वतःला कोंबून, पाठीवर नळकांडी बांधून, आपण होऊन त्या पाण्यात उतरतात! (खाली काय, तर शेवाळ आणि खेकडे.) सगळे न्याहारीला बसलेले बघून मी धक्क्याच्या टोकाला गेले, रामरक्षा म्हटली. वारा असा उलटा की राख माझ्याच तोंडावर आली असती. (जिवंतपणीही ह्यांचं सगळं माझ्याच अंगावर यायचं.) म्हणून तरंगू नये एवढी वाळू भरून डबी झाकणासकट सोडली. चांगली जाड डबी होती, जीव हळहळला.

तासाभराने नात स्वानंदी पाण्यातून वर आली ती "आजी, गुक माल!" म्हणत. बघ म्हणे. हातात डबी! त्या दिवशी त्यांच्या क्लबाने समुद्राचा तळ झाडायला काढला होता. बाटल्या, टायर आणि तुझे भाऊजी एकाच जाळीत. डबीवर ह्यांचं नाव कोरलेलं. पोरीला मराठी वाचता येत नाही, शिरीषला येतं. वाटलं, आता ह्याचे डोळे भरतील. तर म्हणाला, "आई, समुद्रात कचरा टाकलास? इथे दंड होतो, कळतं का?"

"अरे, ओरडू नकोस त्यांच्यावर," सूनबाई विभावरी म्हणाली. "द्या आई, डिशवॉशरमध्ये टाकते."

डबी जी पदराखाली घेतली, ती अजून सोडलेली नाही. जिवंतपणी बोलावलं नाही, मेल्यावर राहू दिलं नाही.

तुझी ताई,
सुलेखा

ता. क. गुरुजींना विचार, सोडलेल्या अस्थी परत आल्या तर पुन्हा सोडता येतात का. कुणाच्या ते सांगू नकोस.

आणखी ता. क. आत काय होतं, असं शिरीषने रात्री विचारलं. तोंडातून निघून गेलं, मेतकूट. तसा म्हणाला, "बाबा कालवायचे तसा भात करशील?" आणि तिथे रडला गं मुलगा. कुणी येणारं असेल तर पाव किलो मेतकूट पाठव. लवकर. रोज डबी मागतो आहे. मी म्हणते, पुढच्या आठवड्यात.